लाखात एक

तुळसा लग्न होऊन आली तेव्हा तिच्या सासूने, हौसाबाईने, अख्ख्या देऊळवाडीला ऐकवलं होतं की आपण सून आणलीय ती लाखात एक. वाडीने मान डोलावली, कारण हौसाबाईसमोर मान डोलावण्यावाचून कुणाला दुसरं काही करता येत नसे. पण सून खरंच तशी होती. देवबागची, होडी हाकणाऱ्या तांडेलाच्या घरातली, उंच, कामाला वाघ, आणि आवाज असा की खाडीच्या अलीकडून हाक मारली तर पलीकडचा होडीवाला डुलकी सोडून उठे. देवबागला एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी. तिथे हळू बोलणाऱ्याचं कुणाला ऐकूच येत नाही. मसुऱ्याच्या अलीकडची देऊळवाडी मात्र भाताच्या मळ्यांत गुपचूप बसलेली. तिथल्या बायका आवाज खाली ठेवून बोलत. तुळसाने तेही शिकून घेतलं, पण ते तिला कधी मनापासून आवडलं नाही.

लेक झाली, आनंदी नाव ठेवलं, ती चालू लागली, आणि त्याच सुमारास तुळसाच्या पोटाने दगा दिला.

सुरुवातीला कुणी मनावर घेतलं नाही. पोट बिघडणं हा त्या मुलखात आजार धरतच नसत. आंव पडली की कुड्याची साल ताकात उगाळून घ्यायची, चार दिवस पेजेवर राहायचं, की माणूस पुन्हा मळ्यात उभा. तुळसाने इतकी साल उगाळली की परसामागचा कुडा बोडका व्हायची वेळ आली. पोट थांबेना. पुढे आंवेबरोबर रक्त जाऊ लागलं, आणि रक्त जाऊ लागलं तशी तिने त्याबद्दल बोलणंच सोडलं.

तिने एकटीने सोडलं असं नाही, तो वाडीचा शिरस्ताच होता. उजाडायच्या आधी बायका हातात तांब्या घेऊन घोळक्याने झाडीकडे जात. त्या वाटेवर जगातलं काही शिल्लक राहत नसे. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाच्या घोवाने मुंबईत दुसरी चूल मांडली, कुणाची म्हैस आटली आणि ती कुणाच्या नजरेने आटली. लाज अशी काही नव्हतीच. पण आपल्या आतून काय बाहेर पडतं ते कुणी सांगत नसे. फार तर ‘पोट बरा नाय’ म्हणायचं आणि पाय उचलायचा. रक्ताचं नाव तोंडातून काढलं की ते घराला लागतं, अशी समजूत. खुळ्या समजुती सगळीकडेच असतात, पण इतकी महाग पडलेली शोधून सापडायची नाही.

तुळसाला घोळक्याची वाट पाहणं परवडेना. हातातलं काम टाकून दिवसातून कितीदा तरी पळावं लागे. लावणीच्या चिखलातून, तव्यावरच्या भाकरीवरून, एकदा तर सत्यनारायणाच्या पूजेतून. लोक हसले. हसले तोवर ठीक होतं. पुढे लोकांनी हसायचं थांबवलं, ते वाईट झालं.

मालवणच्या डॉक्टरने अमीबा धरला आणि सुया दिल्या. सुयांचा एक फेरा झाला, दुसरा झाला, दंड सुजून कणगीएवढा झाला, पण रक्त जायचं थांबलं नाही. डॉक्टर भला माणूस. त्याने सरळ सांगितलं की माझी अक्कल इथं संपली, बाईला मुंबईला न्या. तिचा नवरा भिकाजी मुंबईच्या गोदीत कामाला होता. तो गणपतीला आला तेव्हा तिला बोटीने घेऊन गेला.

मुंबईच्या त्या मोठ्या इस्पितळात तुळसाला कुशीवर निजवलं, गुडघे पोटाशी घ्यायला लावले आणि नळी घालून आतडं पाहिलं. एकट्या डॉक्टरने पाहिलं असतं तर तिने सोसलं असतं. पण मागे शिकाऊ पोरांचा घोळका होता, आणि प्रत्येक जण वाकून पाही व ‘अच्छा’ म्हणे. तुळसा भिंतीकडे तोंड करून दात आवळून पडून राहिली. दुखण्यापेक्षा तिला संतापच जास्त आला होता.

मोठे डॉक्टर बराच वेळ इंग्रजीत बोलले. मग हात धुता धुता भिकाजीला मराठीत म्हणाले, की आतड्याला आतून व्रण पडलेत. ही आंव नव्हे, जंत नव्हेत. कुणापासून लागत नाही, कुणाला लागणार नाही. गोळ्या घेत राहिलं तर दबून राहील, मधून मधून डोकं वर काढेल. विलायतेत हा आजार पुष्कळ, आपल्याकडे लाखात एखाद्याला.

भिकाजी नंदीबैलासारखा मान हलवत होता. तुळसाने लुगडं सावरलं, उठून बसली, आणि मुंबईत बोलायची म्हणून राखून ठेवलेली मराठी बाहेर काढली.

“डॉक्टरसाहेब, तुम्ही लाख माणसं तपासली काय?”

पोरांच्या घोळक्यात कुणीतरी फिसकन हसलं. भिकाजीने तिला चिमटा काढला. डॉक्टर मात्र हसले नाहीत. ते टॉवेलला हात पुसत म्हणाले, “नाही, बाई. आमच्यापर्यंत येतात तेवढीच आम्हाला दिसतात. बाकीची घरीच असणार.”

परतीच्या बोटीवर सगळे ओकत होते. तुळसा कठड्याला टेकून एकाच वाक्याचा विचार करत होती. बाकीची घरीच असणार. म्हणजे आहेत.

भिकाजीच्या डोक्यात डॉक्टरच्या एवढ्या बोलण्यातले दोनच शब्द राहिले होते. घरात पाऊल टाकताच आईने विचारलं, आणि त्याने सांगितलं, “लाखात एक.” कुणाला लागत नाही, दबून राहतं, हे तो पुढे बोलला की नाही देव जाणे. बोलला असेल तरी हौसाबाईने ते ऐकलं नाही. तिचा चेहरा उतरला. लग्नाच्या वेळी ज्या शब्दांनी तिची छाती फुगली होती, तेच शब्द उलटून तिच्या दारात उभे राहिले होते.

तिचा हिशेब सरळ होता. आंव सगळ्यांना होते, म्हणून आंवेचा दोष कुणाचाच नाही. ताप गावाला येतो, म्हणून तापाचा दोष हवेचा. पण लाख माणसं ओलांडून एखादा रोग नेमका आपल्याच उंबऱ्यात येतो, तेव्हा तो आपसूक आलेला नसतो. तो कुणीतरी पाठवलेला असतो, नाही तर कुणाच्या तरी पाठीमागून आलेला असतो. देवबागच्या वाळूतलं काहीतरी सुनेच्या पाठीमागून आलंय, हे तिच्या मनाने घेतलं. हौसाबाई दुष्ट नव्हती. ती घाबरली होती, आणि घाबरलेलं माणूस दुष्ट माणसाइतकंच नुकसान करतं.

मुंबईहून आणलेल्या पिवळ्या गोळ्यांनी उरलेला पावसाळा बरा गेला. तुळसाच्या अंगावर मूठभर मांस आलं. मग कापणीच्या दिवसांत दुखण्याने पुन्हा डोकं वर काढलं, आणि हौसाबाईने घरात रेघ ओढली. तुळसाने चुलीला शिवायचं नाही. तुळसाचं ताट वेगळं. आनंदीने आजीजवळ निजायचं, आईच्या ताटातलं खायचं नाही. एकदा तुळसाने पेजेत बुडवलेला सुका बांगडा लेकीच्या तोंडापाशी नेला, तर सहा वर्षांची पोर मागे सरकली आणि म्हणाली, “नुको, आजी म्हणता माका तुझो रोग लागात.”

आतड्यातून एवढं रक्त गेलं तेव्हा तुळसा रडली नव्हती. त्या दिवशी मागीलदारी जाऊन ती रडली, आणि रडून झाल्यावर तिच्या मनातला सासूविषयीचा धाक कायमचा गेला.

देऊळवाडीच्या रवळनाथाची जत्रा तोंडावर आली तेव्हा विहिरीवर शेजारच्या नर्मदाने तिला बातमी दिली. हौसाबाई देवळाच्या मानकऱ्याकडे, धोंडू गावकराकडे, जाऊन आली होती. जत्रेच्या दिवशी देवाला कौल लावायचा. देवाच्या पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवायच्या, प्रश्न घालायचा, आणि उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. प्रश्न असा, की ही सून माहेरी देवबागला धाडावी का. नर्मदा चांगली बाई. तिने सुचवलं की तू आपणहून महिनाभर देवबागला जा, म्हातारीचा राग निवला की ये.

“आणि आनंदी?” तुळसाने विचारलं.

नर्मदाने कळशी उचलली. आनंदी भिकाजीची, म्हणजे घराची, हे तिला सांगायची गरज नव्हती. माहेरी धाडलेल्या बायका परत येत नाहीत, हेही दोघींना माहीत होतं. आतापर्यंत दुखणं एवढंच तुळसाचं भय होतं. आता एका कळीवर तिची लेक पणाला लागली होती.

भिकाजी जत्रेला आला. तुळसाने त्याला विचारलं की तुझं म्हणणं काय. तो जमिनीकडे बघत म्हणाला, “देव सांगात ता खरा.”

“आणि डाक्टरान सांगल्यान ता? देवाक ता कोणी सांगला?”

गोदीत भिकाजी दोन माणसांचं ओझं एकटा उचलत असे म्हणे. घरात मात्र त्याला आईच्या शब्दापुढे शब्द कधी उचलता आला नाही.

जत्रेच्या दिवशी दुपार कलली तशी वाडी देवळात जमली. पुरुष सभामंडपात, बायका डाव्या अंगाला. हौसाबाई खांबाशी बसली होती आणि आनंदी तिच्या मांडीवर. तुळसाला तिने बायकांच्या शेवटाला, पायरीपाशी बसायला सांगितलं होतं. तुळसा पायरीपाशी बसली नाही. ती मधोमध बसली.

धोंडू गावकर उभा राहिला. सत्तरीचा म्हातारा, पण गाऱ्हाणं घालायला लागला की देऊळ भरून टाकी. गाऱ्हाण्याचं तंत्र सगळ्यांना ठाऊक. गावकराने देवापुढे एकेक म्हणणं मांडायचं आणि प्रत्येक म्हणण्यावर जमलेल्या माणसांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. माणसांचा हुंकार मिळाला नाही तर ते म्हणणं देवापर्यंत पोचत नाही, हवेतच राहतं, असं तिथे मानतात. एरवी कुणी काय बोललं जातंय ते ऐकतही नसे. वाक्य संपलं की आपोआप ‘व्हय म्हाराजा’ निघे.

“बा देवा रवळनाथा,” धोंडू गावकर म्हणाला, “आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाशी जमली हत.”

“व्हय म्हाराजा.”

“ह्या हौसाबायच्या घरात जी काय इडापिडा शिरली हा, ती कशी इली, कोणाच्या मागसून इली, ता तुका ठावक.”

“व्हय म्हाराजा.”

तुळसा उभी राहिली. तिने ठरवून काही ठेवलं नव्हतं. एवढंच तिला कळलं की आणखी एक वाक्य, आणखी एक हुंकार, आणि कळ्या चिकटणार.

“आबानू,” ती म्हणाली, “इडापिडा म्हणा नुको. तिका नाव आसा.”

धोंडू गावकर थांबला. गाऱ्हाणं मध्येच तोडायला आजवर कुणी पुरुषही धजला नव्हता. त्याने शांतपणे तिला समजावलं की बायकांनी गाऱ्हाणं घालायची रीत नाही. तुळसाने सांगितलं की तुम्हीच घाला, पण खरं घाला. देवाला प्रश्न विचारायचा तर तो काय आहे ते देवाला कळू दे. पण खरं म्हणजे काय, ते गावकराच्या तोंडून निघालं नसतं. मग तुळसाच पाषाणाकडे वळली.

“बा देवा रवळनाथा, भायर जाताना माका रगत पडता. किती वर्सां जाली.”

कुणीतरी खोकलं. हौसाबाईने पदराने तोंड झाकलं आणि भिकाजी खाली, फरशीच्या फटीकडे बघू लागला. हुंकार आला नाही. तुळसाने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, त्याच आवाजात, एकही शब्द न गाळता. तरी हुंकार आला नाही. म्हणणं हवेत लटकून राहिलं.

पोटात कळ येत होती आणि तिला ठाऊक होतं की फार वेळ उभं राहता येणार नाही. ती माणसांकडे वळली.

“लाखात एकाक होता असा मुंबयच्या डाक्टरान सांगल्यान. आये म्हणता, म्हणान ता माझ्या कर्मान इला. मी म्हणतंय, ह्या खोटा. ह्या देवळात आणखीय आसत. ज्येच्या पोटात ह्या चल्ला हा, नाय तर ज्येच्या घरात कोणाच्या पोटात चल्ला हा, तेणी देवाक व्हय म्हणा. कोणीच म्हणूक नाय, तर कौल लावची गरज नाय. मी आजच देवबागाक जातंय. चेडवाक, आनंदीक, हयच ठेवन जातंय.”

हे बोलून झाल्यावर तिला कळलं की आपण काय पणाला लावलं. आनंदी आजीच्या मांडीवरून तिच्याकडे डोळे मोठे करून बघत होती. एका कोपऱ्यात दोन तरुण हसू दाबत होते, त्यांना कुणीतरी दटावलं. तुळसाने डोळे मिटले नाहीत. तिने एकेका तोंडाकडे पाहिलं, आणि जे तोंड वळलं ते तिने लक्षात ठेवलं.

“व्हय म्हाराजा.”

आवाज इतका बारीक होता की कुठून आला ते आधी कळलं नाही. मग बायका बाजूला सरल्या आणि नर्मदा दिसली. ती मांडीवर हात ठेवून खाली बघत होती. तिचा नवरा पुरुषांच्या रांगेतून वळून तिच्याकडे बघत राहिला. इतकी वर्षं एका घरात काढून ही बाई त्याला आज पहिल्यांदा दिसत असावी.

“व्हय म्हाराजा.” हा पुरुषाचा आवाज. शिवा, ढोल वाजवणारा. पालखी निम्म्यावर आली की हा ढोल दुसऱ्याच्या गळ्यात टाकून नाहीसा होई, आणि वाडी त्याला कामचुकार म्हणे. तो ढोलावर हात ठेवून उभा राहिला आणि कुणी हसतंय का ते पाहत राहिला. कुणी हसलं नाही.

मग एक म्हातारी म्हणाली. मग एका बाईने आपल्या शेजारी बसलेल्या लेकीचा हात धरून तिच्यासाठी म्हटलं. मग मागून, खांबाआडून, तोंड न दाखवता कुणीतरी म्हटलं. किती जण झाले ते कुणी मोजलं नाही. पुढे मालवणच्या डॉक्टरकडे आणि तिथून मुंबईला ही मंडळी गेली तेव्हा कुणाची मूळव्याध निघाली, कुणाची साधी आंव, आणि काही जणांचं मात्र हुबेहूब तुळसाचंच दुखणं. पण ते पुढचं. त्या घडीला एवढंच झालं, की ज्या रक्ताचं नाव घेतलं की ते घराला लागायचं, त्याचं नाव भर देवळात घेतलं गेलं होतं, आणि देऊळ जागच्या जागी उभं होतं.

हौसाबाईने तोंडावरचा पदर काढला. तिने चिडून गावकराला म्हटलं की झालं ते झालं, आता कौल लावा.

धोंडू गावकराच्या ओंजळीत ओल्या कळ्या होत्या. त्याने त्या एकदा पाहिल्या.

“हौशे, कसलो कौल लावू?” तो म्हणाला. “हिका देवबागाक धाडूक व्हयी, तर नर्मदेक खंय धाडू? शिवाक खंय धाडू? अर्धी वाडी माहेराक गेली तर पालखी कोण उचलात?”

त्याने कळ्या तबकात टाकल्या आणि धोतराला हात पुसले. मग तो तुळसाला म्हणाला की सुरू केलंस ते आता तूच पुरं कर, अर्धवट गाऱ्हाणं देवळात ठेवू नये.

तुळसा पाषाणाकडे वळली. बरं कर, असं काही तिच्या तोंडात आलं नाही. बरं व्हायचं नाही हे तिला डॉक्टरने सांगितलंच होतं, आणि त्याविषयी देवाशी घासाघीस करायची तिची इच्छा नव्हती.

“बा देवा,” ती म्हणाली, “जी माणसां घराघरात तोंड बंद करून बसली हत, तेंका तोंड दी. एकामेकांक दिसांदे. आणि ज्येंका आमी दिसनव नाय, तेंका आमच्या वाडीची वाट दाखय.”

“व्हय म्हाराजा,” देऊळ म्हणालं, आणि ह्या खेपेला प्रत्येकाने आपण कशाला होय म्हणतोय ते ऐकून म्हटलं.

तुळसा सरळ खांबापाशी आली. ती वाकली नाही, पाया पडली नाही. तिने दोन्ही हात पुढे केले.

“आये, माझा चेडू दिया.”

हौसाबाईने आनंदीच्या कमरेभोवतीचा हात सोडला. पोर उठून आईला बिलगली. हौसाबाई गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि कुणाकडेच न बघता म्हणाली की आज पाव्हणे आहेत, आपल्या एकटीने उरकणार नाही, रांधायचं तुलाच बघावं लागेल.

“रांधतंय,” तुळसा म्हणाली. “पण माझ्या ताटातलो पयलो घास तुमी खावचो. आनंदीच्या डोळ्यांसमोर. नाय तर उद्यापासून मी चूल पेटवूचंय नाय.”

भिकाजी मागून घाईघाईने म्हणाला, “आये, खा.” जन्मात पहिल्यांदाच तो आईला काही सांगत होता. पदर सावरून हौसाबाई पायऱ्या उतरली आणि घराकडे चालू लागली.

दिवेलागणीला तुळसाने आपलं ताट सासूसमोर ठेवलं. हौसाबाईने एकदा नातीकडे पाहिलं, भात कालवला आणि खाल्ला.